किल्लीची एक प्रत सरकारकडे राहिली तर बिघडतं कुठे?

केतकी_हिंजवडी

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी एका चॅट ॲपच्या टीममध्ये काम करते. (कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी हवी आहे.) गेल्या आठवड्यात मीटिंगमध्ये विषय निघाला की उद्या सरकारने कोणाचे मेसेज मागितले तर आपण काय करायचं. आमचा सीनियर म्हणाला, सोपं आहे. प्रत्येक युजरचे मेसेज कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या किल्लीची एक प्रत काढून ठेवायची, तिचे दोन तुकडे करायचे, दोन वेगळ्या संस्थांकडे द्यायचे. कोर्टाचा हुकूम आला तरच तुकडे जोडायचे. वर दाखला दिला, "बँकेच्या लॉकरला नाहीत का दोन किल्ल्या? एक तुझ्याकडे, एक बँकेकडे. कोणी बोंब मारतं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू.

घरी येऊन वाचायला बसले तर कळलं की हे सगळं अमेरिकेत होऊन गेलंय. १९९३ मध्ये आधी फोनमध्ये बसवायची क्लिपर नावाची चिप, दोन वर्षांनी तीच कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आणायचा घाट. किल्लीची प्रत अशी तिसऱ्याकडे ठेवण्याला नाव 'की एस्क्रो'. आणि लोकांनी, कंपन्यांनी, प्रोफेसरांनी मिळून असं रान उठवलं की शेवटी सरकारने तो नाद सोडला.

मला न उलगडलेली गोष्ट ही: योजना ऐच्छिक होती, कोर्टाची परवानगी लागणार होती, किल्लीचे दोन तुकडे होणार होते. म्हणजे आमचा सीनियर म्हणतो तंतोतंत तसंच. मग एवढी बोंबाबोंब कशासाठी? सरकारवरचा राग होता नुसता, की आत खरंच काही गोम होती?

सोमवारी मला दोन पानांचं टिपण द्यायचंय. "प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे" छापाचं उत्तर नको, ते मला चॅटबॉटनेही दिलं.

---

पर्वती_पायथा

सरकार कुठलंही असो, हातात किल्ली आली की ते उघडून बघणारच. यात न कळण्यासारखं काय आहे? टिपण दोन ओळींत संपतं.

---

भोर_ते_फोर्ट

केतकी, मी इथे फक्त वाचायला येतो. पण तुझ्या सीनियरने लॉकर काढला म्हणून लिहायला बसलो. बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली पहिली काही भोरच्या शाखेत आणि शेवटची फोर्टला कॉम्प्युटर विभागात. बँकेचं नाव सोडून देऊ.

लॉकरचा दाखला चुकीचा आहे. बँकेकडची किल्ली लॉकर उघडत नाही. ती घालून फिरवली की तुमची किल्ली फिरायला मोकळी होते, एवढंच. तुमच्या किल्लीची दुसरी प्रत बँकेकडे नसते. तुम्ही ती हरवलीत तर कुलपाच्या कंपनीचा माणूस बोलवायचा, तो ड्रिल लावून कुलूप फोडणार, खर्च तुमच्या खात्यावर. कोर्टाचा हुकूम आला तरी तीच तऱ्हा: पंच, पंचनामा, आणि ड्रिलचा आवाज अख्ख्या शाखेत. लॉकर उघडला गेला हे लपत नाही. एस्क्रोमध्ये सगळी गंमत ते लपण्यातच आहे.

खरा दाखला हवा असेल तर आमच्या तिजोरीचा घे. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे: एक हेड कॅशियरकडे, एक माझ्याकडे. जॉइंट कस्टोडियन म्हणायचे. आणि दोन्हींची डुप्लिकेट जोडी शिरवळच्या शाखेत ठेवलेली. खाकी पाकीट, आतून कापडाचं अस्तर, पाठीवर लाखेची पाच सीलं, फ्लॅपवर आडव्या आमच्या सह्या. ठरावीक मुदतीने ते पाकीट आणायचं, डुप्लिकेट वापरात घ्यायच्या, वापरातल्या सीलबंद करून परत शिरवळला. दर वेळी रजिस्टर, पत्र, पोचपावती. हा आमचा एस्क्रो. एका शाखेच्या एका तिजोरीसाठी एवढा जामानिमा.

१९८६ चा जुलै. रविवारी आमचे हेड कॅशियर पुण्याला घरी गेले. नियमाने गाव सोडताना किल्ली रीतसर दुसऱ्याकडे सोपवून सही घ्यायची. ते कधीच तसं करत नसत, आणि मीही कधी टोकलं नाही. सोमवारी सकाळी पावसात कात्रजच्या घाटात स्कूटर घसरली, पायाचं हाड मोडलं. लोकांनी उचलून पुण्याला इस्पितळात नेलं, किल्ली त्यांच्या पँटच्या आतल्या खिशात सेफ्टीपिनला. इकडे मी दहा वाजता स्ट्राँगरूमसमोर हातात एक किल्ली घेऊन उभा. बाहेर बाजाराचे व्यापारी. पुण्याच्या विभागीय ऑफिसला ट्रंक कॉल लावला, तो लागेपर्यंत अकरा. त्यांची तोंडी परवानगी शिरवळवाले ऐकेनात, लेखी हवी. असो. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

आता अमेरिका. १६ एप्रिल १९९३ ला व्हाइट हाउसने क्लिपर जाहीर केली. प्रत्येक चिपमध्ये तिची स्वतःची किल्ली कोरलेली, तिचे दोन भाग, एक एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे, दुसरा ट्रेझरी खात्याकडे. तुमचं बोलणं कुलूपबंद व्हायचं स्किपजॅक नावाच्या पद्धतीने. ती एनएसए या अमेरिकेच्या हेरसंस्थेने बनवलेली, आणि गुप्त. म्हणजे कुलूप चांगलं आहे हे कुलूप बनवणाराच सांगणार आणि तुम्ही ते उघडून बघायचं नाही. पहिली ठिणगी तिथे पडली. सीपीएसआर नावाच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेने ईमेलवर अर्ज फिरवला, ४०,००० च्या वर सह्या आल्या. १९९४ सालात ईमेल असणारी माणसं किती होती याचा विचार कर. टाइम आणि सीएनएनने त्या वर्षी जनमत घेतलं, त्यात ८० टक्के लोक चिपच्या विरोधात निघाले. नुसते टोपीवाले प्रोफेसर नव्हते हे.

त्याच वर्षी बेल लॅब्समधल्या मॅट ब्लेझने दाखवून दिलं की पोलिसांना किल्लीपर्यंत नेणारी जी चिठ्ठी चिप प्रत्येक संभाषणाबरोबर पाठवते, तिची खातरजमा फक्त १६ बिटांच्या बेरजेवर चालते. म्हणजे ६५,५३६ शक्यता. खोट्या चिठ्ठ्या करत राहिलं की एखादी खपून जाते, आणि मग कुलूप चालू, पोलिसांची किल्ली मात्र निकामी. ज्याला खरंच लपायचंय तो लपणार आणि सरळ माणसाची किल्ली तेवढी सरकारजमा.

तू विचारलंस ऐच्छिक होती ना? कागदोपत्री होती. १९९५ मध्ये एपिक या संस्थेने माहितीच्या कायद्याखाली कागद बाहेर काढले, त्यात एफबीआय आणि एनएसए यांचं १९९३ मधलंच मत होतं की हे सक्तीचं केल्याशिवाय उपयोग नाही. ते मत खोटंही नव्हतं. ऐच्छिक कुलूप चोर कशाला घेईल?

बाकी उद्या. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

---

केतकी_हिंजवडी

काका, तुम्ही सोमवारी सकाळी दहा वाजता मला स्ट्राँगरूमसमोर उभं करून झोपायला चाललात!

तोवर एक शंका. ही सगळी चिपची गोष्ट झाली. सॉफ्टवेअरचं काय? आमच्याकडे चिप नाहीच.

---

एडिसनची_मावशी

केतकी, काका उठेपर्यंत मी थोडं सांगते. मी १९९६ मध्ये एच-वन व्हिसावर न्यू जर्सीला आले. आमच्या ऑफिसात सगळे नेटस्केप वापरायचे. खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक छोटीशी किल्ली असायची. साधं पान असलं की ती तुटलेली दिसायची, सुरक्षित पान असलं की सबंध. आणि त्या किल्लीचे दात मोजायचे! एक दात म्हणजे कच्चं कुलूप, ४० बिटांची किल्ली (बिट जितके जास्त, तितकी किल्ली शोधून काढायला कठीण). दोन दात म्हणजे पक्कं, १२८.

माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरीच्या स्क्रीनवर दोन दात, माझ्या एक. म्हटलं मीही पक्कं उतरवून घेते. तर फॉर्मवर लिहून द्यायचं होतं की मी अमेरिकेची नागरिक किंवा कायम रहिवासी आहे. मी दोन्ही नव्हते. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात एन्क्रिप्शन युद्धसाहित्याच्या यादीत होतं, तोफा-रणगाड्यांच्या पंगतीला. सांगलीहून आलेली मी, एक दाताची किल्ली घेऊन बसले बापडी. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" तिला वाटलं दातांचं दुखणं आहे.

४० बिट किती कच्चं होतं म्हणाल, तर १९९५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या दामिएँ दोलिगेझने शंभर-सव्वाशे कॉम्प्युटर रिकाम्या वेळात कामाला लावून नेटस्केपचा तसा एक मेसेज आठ दिवसांत फोडला होता.

---

भोर_ते_फोर्ट

मावशींनी माझं काम सोपं केलं. सॉफ्टवेअरची गोष्ट तिथेच सुरू होते, निर्यातीत.

चिप कोणी घेईना म्हणून ऑगस्ट १९९५ मध्ये नवा प्रस्ताव आला. अमेरिकन कंपन्यांची रड अशी होती की ४० बिटांचं कुलूप परदेशात कोण विकत घेणार. सरकार म्हणालं, ठीक, ६४ बिटांपर्यंत निर्यात करा, पण किल्लीची प्रत मान्यताप्राप्त एजंटाकडे ठेवली पाहिजे. आणि अटी काय? प्रत न ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरशी तुमच्या सॉफ्टवेअरने बोलायचं नाही. गिऱ्हाइकाला ती सोय काढून टाकता येता कामा नये. चिपमध्ये निदान सिलिकॉन खरवडावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी बदलल्या की झालं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम गिऱ्हाइकाविरुद्धच राखायचा. हे कसं करायचं ते कोणालाच सांगता येईना.

मग लोकांनी एक बिनतोड प्रश्न विचारला. किल्ली तुमच्याकडे येणारच आहे, तर ६४ ची मर्यादा कशाला? ६४०० का नाही? माझ्या मते अख्ख्या वादातला सगळ्यात चांगला प्रश्न हा. किल्ली हाताशी असतानाही तुम्हाला कुलूप कच्चंच हवंय, याचा अर्थ कोर्टाच्या दारातून न येणारंही कोणी आहे.

विरोधात कोण कोण होतं बघ. नागरी हक्कवाले होतेच, पण सॉफ्टवेअर कंपन्यांची बीएसए ही संघटना होती, कर कमी करा म्हणणारे उजवे होते, आणि सिनेटर जॉन ॲशक्रॉफ्ट होते. हे तेच ॲशक्रॉफ्ट जे पुढे ॲटर्नी जनरल झाले आणि २००१ नंतर पाळतीचे अधिकार वाढवणाऱ्या पॅट्रियट कायद्याचा किल्ला लढवत बसले. खुर्ची बदलली की माणूस बदलतो, हे आमच्या बँकेत प्रत्येक प्रमोशनला बघितलंय. पर्वती_पायथा म्हणतात तसा हा नुसता सरकारवरचा अविश्वास असता तर एवढी भिन्न माणसं एका पंगतीत बसली नसती. कंपन्यांचा हिशेब धंद्याचा होता: ज्या कुलपाची किल्ली वॉशिंग्टनला आहे ते मुंबईत कोण विकत घेईल?

आता इथे मला माझं दुखणं सांगू दे. मुंबईत घेतलं की.

लोटसने जानेवारी १९९६ मध्ये नोट्स या आपल्या ईमेल सॉफ्टवेअरची परदेशी आवृत्ती आणली. जाहिरात ६४ बिटांची. त्यातले २४ बिट एनएसएच्या किल्लीने बंद करून प्रत्येक मेसेजबरोबर पाठवले जात. एनएसएने ते उघडले की राहिले ४०. इतर चोरांना ६४, त्यांना ४०. कंपनीने हे लपवलं नव्हतं, परिषदेत उघड सांगितलं होतं. पण वाचलं कोणी? १९९७ मध्ये स्वीडनच्या एका वर्तमानपत्राने छापलं, तेव्हा तिथल्या खासदारांना आणि करखात्याला कळलं की आपण तेच वापरतोय.

अमेरिकेतला विरोध खरा होता, पण त्यातून जी तडजोड निघाली ती बाहेरच्यांच्या बिटांवर. घरात पूर्ण, परदेशी गिऱ्हाइकाला उणे २४. त्यांच्या ८० टक्क्यांत आपण नव्हतो. सह्या करायला आपल्याला कोणी बोलावलं नाही, आणि आपण स्वतःहूनही गेलो नाही.

आणि आपलं स्वतःचं? इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली तेव्हाच्या दूरसंचार परवान्यात एक कलम होतं. ४० बिटांच्या वर एन्क्रिप्शन वापरायचं तर परवानगी घ्या आणि किल्ली दोन तुकडे करून सरकारजमा करा. केतकी, तुझ्या सीनियरची योजना शब्दशः. अमेरिकेने मोठी चर्चा करून सोडून दिली ती गोष्ट आपल्याकडे परवान्याच्या एका ओळीत येऊन बसली होती, चर्चेविना.

जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं इंटरनेट बँकिंगचं परिपत्रक आलं: किमान १२८ बिट एसएसएल, म्हणजे ब्राउझर आणि बँकेच्या साइटमधलं कुलूप. फोर्टच्या ऑफिसात माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. एक म्हणतो ४० च्या वर जाल तर किल्ली जमा करा, दुसरा म्हणतो १२८ च्या खाली जाल तर याद राखा. मी साहेबांना विचारलं, कुठला पाळायचा? साहेब म्हणाले, "ज्याचं इन्स्पेक्शन येतं तो." आम्ही १२८ लावलं. किल्लीचे तुकडे घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं ते कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

---

खाकी_घरातला

काकांचं लिखाण आवडलं, पण दुसरी बाजू कोणी मांडेना म्हणून लिहितो.

माझा भाऊ सायबर पोलिसांत पीएसआय आहे. गेल्या वर्षी त्यांच्याकडे कॉलेजच्या मुलीची केस आली. कोणीतरी तिचे फोटो मिळवून धमकावत होता. मुलीने स्वतःचा फोन दिला, तिच्या बाजूचे मेसेज मिळाले. पण तो माणूस आणखी किती मुलींना छळतोय, त्याचे साथीदार कोण, ते त्याच्या मेसेजमध्ये. ते मिळेनात. भाऊ तीन रात्री घरी आला नाही. तुम्ही सगळे बिट मोजताय, त्याला त्या मुलीच्या बापासमोर बसावं लागतं. कोर्टाचा हुकूम असताना तपास अडतो, याचं उत्तर काय?

---

भोर_ते_फोर्ट

तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. काही तपास अडतात, हे खरंच आहे. तेव्हाही एफबीआयचे प्रमुख लुई फ्री हेच सांगत होते, आणि ते काही नाटक करत नव्हते. एस्क्रो नसल्याने कोणाचंच नुकसान होत नाही असं जो म्हणतो तो तुमच्या भावाच्या खुर्चीत बसलेला नाही.

पण हिशेब दोन्हीकडचा मांडायला हवा. गुन्ह्यांच्या तपासासाठी कोर्टाच्या परवानगीने होणारं फोन टॅपिंग तेव्हा सबंध अमेरिकेत वर्षाला हजाराच्या आसपास होतं. त्या हजारांसाठी कोट्यवधी लोकांच्या किल्ल्या गोळा करून, सांभाळून, बदलून, नोंदवून ठेवायच्या.

१९९६ मध्ये सरकारने 'एस्क्रो' हा बदनाम शब्द टाकून 'की रिकव्हरी' म्हणायला सुरुवात केली. कंपन्यांनाही ते हवंच असतं, असा युक्तिवाद. यात थोडं तथ्य होतं. कर्मचारी अचानक वारला तर त्याच्या कुलूपबंद फायली उघडायला किल्ली हवीच. पण ती साठवलेल्या फायलींची. चालू संभाषणाच्या किल्लीची प्रत कुठल्या व्यापाऱ्याला हवी असते? फोन तुटला तर माणूस परत लावतो.

हे मी माझ्या डोक्याने सांगत नाही. मे १९९७ मध्ये ११ जणांनी मिळून अहवाल लिहिला, त्यात व्हिटफिल्ड डिफी होते, रॉन रिव्हेस्ट होते, म्हणजे सार्वजनिक किल्लीचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांतलीच माणसं. शिवाय रॉस अँडरसन, ब्रूस श्नायर आणि आपला तो मॅट ब्लेझ. सरकारने घातलेल्या अटी त्यांनी एकत्र मांडल्या: किल्ली दिवसरात्र कधीही, मागितल्यापासून दोन तासांत मिळाली पाहिजे, आणि ज्याची किल्ली आहे त्याला कळता कामा नये.

ते दोन तास वाचले आणि मला शिरवळ आठवलं.

दोन तासांत द्यायची तर पाच सीलं, लेखी पत्र, दोन सह्या, यातलं काही टिकत नाही. रात्री तीन वाजता फोनवर बसलेल्या माणसाने समोरचा खरा पोलीस आहे की नाही हे ओळखून बटण दाबायचं. तुकडे दोन केले तरी जोडायची जागा एकच, आणि ती सतत उघडी. आम्हाला निदान एकाच तिजोरीची भीती होती. तिथे सगळ्या शाखांची पाकिटं एका कपाटात.

कोर्टाच्या हुकमावर उघडणारं दार दुसराही कोणी उघडतो, याचं उदाहरण ग्रीस. २००४-०५ मध्ये तिथल्या मोबाइलच्या जाळ्यात कायदेशीर टॅपिंगसाठी जी सोय होती, तीच कोणीतरी आतून चालू करून शंभरेक लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले. त्यात पंतप्रधान होते.

तुमच्या भावाच्या केसला यातून उत्तर मिळत नाही, हे मला दिसतंय.

---

खाकी_घरातला

भावाला वाचून दाखवलं. म्हणाला, "काकांना सांग, आमच्या मुद्देमालाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते ते मी लिहीत नाही." आरोपी पुढे त्याच्या जुन्या फोनवरून सापडला, हेही सांगायला सांगितलंय. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही.

---

पर्वती_पायथा

आपल्याकडे विरोध झालाच नाही म्हणता, मग २०१५ विसरलात का? सप्टेंबरात राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला होता. लोकांनी आपले मेसेज ९० दिवस साध्या, वाचता येईल अशा रूपात जपून ठेवायचे, मागितले की द्यायचे. व्हॉट्सॲपचे गुड मॉर्निंग ९० दिवस! एवढा गदारोळ झाला की आधी सोशल मीडियाला सूट दिली आणि २२ सप्टेंबरला रविशंकर प्रसादांनी अख्खा मसुदाच मागे घेतला.

---

भोर_ते_फोर्ट

बरोबर, आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं. फक्त एक बारकी गोष्ट. लोक चिडले ते ९० दिवसांवर, कारण ती झळ प्रत्येकाच्या फोनला लागणार होती. त्याच मसुद्यात एन्क्रिप्शन विकणाऱ्यांनी आपलं उत्पादन सरकारकडे नोंदवून त्याची चालती प्रत द्यावी असंही होतं. त्यावर किती जण बोलले? परवान्यातल्या ४० बिटांवर तर आम्ही बँकवालेही बोललो नव्हतो. अमेरिकेतल्या लोकांनी चिपच्या कंटाळवाण्या बारकाव्यात शिरून भांडण केलं, १६ बिटांची बेरीज मोजली. १९९७ मध्ये तिकडे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे हाउसच्या, इंटेलिजन्स समितीने देशांतर्गत सॉफ्टवेअरवरही सक्ती आणणारा मजकूर मंजूर केला होता. तेव्हा ते परत उठले आणि तो कायदा झाला नाही. जानेवारी २००० मध्ये निर्यातीचे नियम सैल झाले, तोवर सात वर्षं चिकटून बसले होते. आपण तीन-चार दिवसांत जिंकलो आणि घरी गेलो.

केतकी, टिपणात तुझ्या सीनियरला एवढंच विचार: किल्ल्यांचे तुकडे ज्या दोन संस्थांकडे जाणार त्या कुठल्या, रात्री तिथे कोण बसतं, गिऱ्हाइकाने किल्ली बदलली की तिकडची प्रत कोण बदलतं, आणि उघडलं तर नोंद कुठल्या रजिस्टरात. नावानिशी.

---

एडिसनची_मावशी

आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी किती दात, तेही विचार गं.

---

केतकी_हिंजवडी

टिपण दिलं. काकांचे चारही प्रश्न घातले, मावशींचाही. सीनियर वाचून गप्प बसला, मग म्हणाला, "किल्ली बदलण्याचं माझ्या लक्षातच नव्हतं." आमच्या ॲपमध्ये किल्ल्या प्रत्येक मेसेजला बदलतात! पुढच्या मीटिंगला परत चर्चा आहे, निकाल काय लागेल माहीत नाही.

पण काका, त्या सोमवारी तिजोरी उघडली का?

---

भोर_ते_फोर्ट

शिरवळहून पाकीट एसटीने आलं, दुपारी सव्वातीन वाजता. शिपाई ते छातीशी धरून उतरला, भिजू नये म्हणून वर प्लॅस्टिक. पाचही सीलं शाबूत. मॅनेजर, मी आणि दोन साक्षीदार, रजिस्टरात नोंद, सील फोडलं, हेड कॅशियरची डुप्लिकेट काढली, घातली. फिरेना. तेल घातलं. फिरेना.

मग मॅनेजरना आठवलं की आदल्या वर्षी त्या बाजूचं कुलूप अडकत होतं म्हणून कंपनीच्या माणसाने येऊन आतल्या पट्ट्या बदलल्या होत्या. नवी किल्ली हेड कॅशियरच्या खिशात गेली, पाकिटातली तशीच राहिली. मधल्या काळात पाकीट एकदा अदलाबदलीला आलंही होतं. पण अदलाबदल कागदावरच झाली: सीलं बघितली, सह्या केल्या, किल्ली लावून कोणी बघितलीच नाही. त्यातली एक सही माझी.

पावणेसहाला हेड कॅशियरचे मेहुणे पुण्याहून दुधाच्या टेम्पोत बसून खरी किल्ली घेऊन आले. तोवर काउंटरवर जे पैसे भरले गेले त्यातूनच देणी दिली, तांदळाच्या दोन व्यापाऱ्यांना हात जोडून उद्या या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नवी डुप्लिकेट पाकिटात घालून, लाख वितळवून, मी स्वतः शिरवळला नेऊन दिली. पोचपावती घ्यायची राहिली.